मिरे कुणी सांडले?

आषाढ सरत आला होता. दिव्याच्या अवसेसाठी सासूबाईंनी समया, निरांजनं, लामणदिवा असं सगळं पितळी खटलं चिंचेनं घासून काढलं आणि ऊन नावालाही नसताना, केवळ सवयीनं, वाळत घालायला ओसरीवर नेलं. तिथूनच हाक आली, "अगं, मिरे कुणी सांडले?"

आमच्याकडे मिऱ्यांची बरणी सासूबाईंच्या ताब्यात असते. त्यामुळे हा प्रश्न वरकरणी चौकशीचा असला तरी आतून आरोपाचा होता. मी ओढणीला हात पुसत बाहेर गेले. पायरीजवळच्या तगरीखाली, शहाबादी फरशीवर, खरंच मिरे पडले होते. काळे, टपोरे, पंधरा-वीस तरी. सासूबाईंनी त्यातला एक चिमटीत उचलून वास घ्यायला नाकाकडे नेला होता. मी त्यांचा हात वाटेतच धरला. वेळेवर केलेली कामं माझ्या नावावर फार नाहीत; त्यांत हे एक आहे.

"आई, लेंड्या आहेत त्या."

"कुणाच्या?" हात धुवायला जायचं सोडून त्या तिथंच उभ्या राहिल्या. वय ब्याऐंशी, पण चौकश्या चौथीतल्या मुलीच्या.

घरातल्या प्रत्येक न उलगडणाऱ्या गोष्टीचा आळ आमच्याकडे उंदरावर जातो. ह्यांनी माळ्यावरून पिंजरा काढला, त्यात एक कांदाभजं अडकवलं आणि मोठ्या विश्वासानं तगरीखाली ठेवला. सकाळी भजं जागच्या जागी होतं, दमट हवेनं जरा मऊ पडलेलं, आणि पिंजऱ्याभोवती ताज्या मिऱ्यांचा नवा सडा. समोर भजं असताना त्याला तोंड न लावता नुसता प्रातर्विधी उरकून जाणारा उंदीर सातारा जिल्ह्यात तरी जन्माला आला नसावा.

मग मी लेकाच्या शाळेतलं जुनं भिंग शोधून काढलं. भिंगाखाली बघते तर काय, एकूण एक लेंडी सारखी. बारक्या पिंपासारखा आकार आणि उभ्या सहा खाचा, जणू कुणी सोऱ्याला चकलीची ताटली लावून काढल्यात. उंदराला एवढी कलाकुसर जमत नाही. ही करामत अळीची, तीही मोठ्या अळीची. तिच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आतून घड्या असतात आणि बाहेर पडणाऱ्या मालावर त्यांचा छाप उमटतो. सोऱ्याची उपमा मी सासूबाईंना ऐकवायला नको होती. त्या वर्षी दिवाळीत चकल्या पाडताना त्या दोनदा थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

आता वर बघणं भाग होतं. आमची तगर डबल आहे, पायरीला लागूनच, आणि सासूबाई रोज सकाळी तिची एकवीस फुलं देवासाठी मोजून तोडतात. तरीही शेंड्याच्या तीन फांद्या सुतळीसारख्या उघड्या पडल्यात हे आम्हां तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. फुलं तोडणारा माणूस पानं बघत नाही. मी अर्धा तास फांदी न् फांदी धुंडाळली. शेवटी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ती काय तुझ्या मनगटाशी."

होती. मधल्या बोटाएवढी लांब, त्याहून जाड, आणि तगरीच्या पानाच्या हिरव्याशी इतकी तंतोतंत जुळणारी की साडीवर ब्लाउजपीस जुळवणाऱ्या दुकानदारानंही हात टेकावेत. दोन्ही कुशींवरून एक पांढरट पट्टा गेलेला, पट्ट्याच्या आजूबाजूला निळसर-पांढऱ्या ठिपक्यांची पेरणी. शेपटाकडे एक पिवळट, बोथट शिंग. ते टोचेल असं वाटतं, पण टोचत बिचत काही नाही, निव्वळ अलंकार. तिच्या शेजारच्या फांदीवर दुसरी होती आणि मुळाशी तिसरी. म्हणजे आमच्याकडे एक नव्हे, तीन पाहुण्या उतरल्या होत्या आणि पंगत आठवडाभर आधीच सुरू झाली होती.

ह्यांना पिंजऱ्याच्या अपयशाची भरपाई करायची होती. ते फवाऱ्याची बाटली घेऊन आले. सासूबाईंनी नुसता हात आडवा केला. "परवा श्रावण लागतोय. आता महिनाभर कुणाला मारायचं नाही."

महिनाभराची मुदत. त्यांना माहीत नव्हतं, पण पावसाळी ऊबदार हवेत त्या अळीला उरलेले सगळे संस्कार उरकून उडून जायला साधारण तेवढेच दिवस हवे होते.

---

हा कोण पाहुणा, ते मी शोधून काढलं. इंग्रजीत त्याला ओलिएंडर हॉकमॉथ म्हणतात, म्हणजे कण्हेरीवरचा ससाणा-पतंग. शास्त्रीय नाव डॅफ्निस निरी. कार्ल लिनियसनं 1758 साली त्याचं बारसं केलं. 'निरी' हे कण्हेरीच्या लॅटिन नावावरून. आमच्याकडे कण्हेर नाही, पण तगर आणि कण्हेर एकाच कुळातल्या, दोघी चिकाळ, दोघी विषारी. याच कुळातली सदाफुली आणि सातवीणसुद्धा या अळीला चालते. कण्हेरीच्या पानातलं विष थेट हृदयावर जातं, गुरंढोरं तिच्या वाटेला जात नाहीत, आणि ही बया तीच पानं देठासकट खाऊन अंगावर घेते. गणपतीला ज्या एकवीस पत्री वाहतात त्यांत करवीर म्हणजे कण्हेरीचंही पान असतं. देवाला ते नुसतं वाहायचं असतं. जेवायला बसते ती ही.

"आणि डॅफ्निस म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"ग्रीकांच्या गोष्टीतला एक गुराखी. बासरी वाजवायचा."

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "मग सरळ कृष्ण म्हण की. एवढी वळणं कशाला?"

नावाचा प्रश्न तिथं मिटला, पण व्याकरणाचा सुरू झाला. कृष्ण आला, पण अळी तर 'ती'. पुढे तिचा होणार कोष, तो 'तो'. आणि कोषातून जे बाहेर येईल त्याला आम्ही सगळेच 'फुलपाखरू' म्हणणार, म्हणजे 'ते'. एका जिवाला एका जन्मात तिन्ही लिंगांतून फिरवून आणण्याची ही सोय मराठीइतक्या सहज किती भाषांना जमली असेल कोण जाणे. वास्तविक तो पतंग, फुलपाखरू नव्हे. पण पतंगाला आपल्याकडे मान नाही. 2015 साली महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा राज्य-फुलपाखरू जाहीर केलं. ब्ल्यू मॉर्मनला तो मान मिळाला आणि त्याला 'नीलवंत' असं राजबिंडं नावही मिळालं. पतंगाच्या वाट्याला मात्र अजून दिव्यावर जळून मरणं आणि कवींच्या कामी येणं एवढंच आहे. बाकी वेळी तो घरात शिरला की "अगंबाई, वटवाघूळ!"

अळ्या पाळणं हे रिकामटेकडेपणाचं लक्षण आहे असं ह्यांचं मत. त्यावर माझ्याकडे मोठाच पुरावा निघाला. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा मिश्किल निसर्गलेखक 1851 साली जन्मला तो आमच्या साताऱ्यातच. मुंबईत 1883 साली आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत हा होता आणि प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. एटकिनची नोकरी जकात आणि मीठ खात्यात. नोकरीनं तो कारवारकडे गेला, तिथं जेम्स डेव्हिडसन हा कलेक्टर होता, आणि टी. आर. बेल हा जंगल खात्यात. मीठ, महसूल आणि जंगल अशा तीन खात्यांच्या या तीन साहेबांनी मिळून काय केलं, तर अळ्या पाळल्या. कुठली अळी कुठलं पान खाते, कशी कात टाकते, कुठं कोष करते, याच्या नोंदी ठेवून त्यांनी कारवार भागातल्या फुलपाखरांवर लेख लिहिले. बेलचा हा नाद पुढंही सुटला नाही. हॉकमॉथच्या अख्ख्या खानदानावरचा भारतीय ग्रंथ त्यानं स्कॉट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर 1937 साली काढला. कलेक्टरच्या बंगल्यावर अर्ज घेऊन आलेला शेतकरी, आणि साहेब आत अळीला पान बदलतायत. हे चित्र माझ्या मनातून जाईना. ह्यांना मी सांगितलं, तर म्हणाले, "तेव्हा पगार इंग्लंडहून यायचा असेल." हे चूक होतं, तो इथल्याच सारावसुलीतून जायचा, पण वादात मुद्दा तोच जिंकतो जो पटकन सुचतो.

---

नागपंचमी उजाडली. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही. सासूबाई पाटावर गंधानं नाग काढत होत्या. तगरीची फुलं आणायला मी गेले आणि फांदी जरा जोरात ओढली. समोरच्या अळीनं डोकं आत ओढून घेतलं, मानेचा भाग फुगवला आणि तिथं दोन मोठे निळे डोळे उघडले. काळी किनार, आत निळं, मध्ये पांढरं. माझ्या हातातली परडी पडली.

हे डोळे खोटे. खरे डोळे म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक टिंबं, त्यांनी अंधार-उजेडाहून फारसं जास्त काही कळत नसावं. निळी बुबुळं ही धमकीची पाटी आहे. 'कुत्र्यापासून सावध राहा' असं लिहून कुत्राच न पाळणाऱ्या बंगल्यासारखी. एरवी ती कातडीच्या घडीत मिटलेली असते आणि पक्ष्यानं चोच जवळ आणली की उघडते. पक्ष्याला वाटतं, साप. मला वाटलं, साप. सासूबाई काठी टेकत आल्या, त्यांनी बघितलं आणि हात जोडले. पाटावरच्या नागाबरोबर त्या दिवशी तगरीवरच्या नागालाही लाह्या आणि दुधाचा थेंब मिळाला. अळीनं दोन्हीकडे दुर्लक्ष केलं आणि पान खायला घेतलं.

खाणं हा तिचा पूर्णवेळ धंदा. तंबाखूवर वाढणारी तिची एक अमेरिकन चुलतबहीण आहे, तिचं वजन अंड्यातून बाहेर पडल्यापासून अडीचएक आठवड्यांत दहा हजार पट होतं. सासूबाईंना मी हिशेब करून दाखवला. तीन किलोचं बाळ असं वाढलं, तर बारशाच्या थोडं पुढं ते तीस टनांचं होईल, सहा-सात हत्तींएवढं. "पाळणा तुटेल," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "आणि झबली किती शिवायची?" अळीनं तो प्रश्न सोडवलेला आहे. अंगडं आखूड झालं की ती ते फाडून बाहेर येते, चार वेळा, आणि आत नवं, सैलसर अंगडं तयार असतं.

आमच्या तिघींपैकी पहिली गेली ती षष्ठीला. भिंतीवर भारद्वाज येऊन बसला. भारद्वाज दिसणं म्हणजे मोठा शुभशकुन. सासूबाईंनी लगबगीनं नमस्कार केला. भारद्वाज उडी मारून तगरीत शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत काहीतरी हिरवं, गुबगुबीत लोंबत होतं. निळे डोळे सताड उघडे होते, पण या गिऱ्हाइकानं ती पाटी आधी वाचलेली असावी. सासूबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. शकुन झाला होता हे नक्की. कुणासाठी ते स्पष्ट नव्हतं.

दुसरी आपोआप मऊ पडली. दोन दिवस पानाला तोंड लावेना, मग काळवंडली, आणि तिच्या अंगातून पांढऱ्या अळ्या बाहेर पडल्या. एक माशी असते, ती अशा अळ्यांना आपली अंडी चिकटवून ठेवते. पिल्लं आतल्या आत जेवून मोठी होतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी त्या दिवशी दुपारी मला भात गेला नाही.

---

राहिली एक. अष्टमीच्या सकाळी तीही दिसेना. फरशीवर मिरेही नव्हते. ह्यांनी, मला स्पष्ट ऐकू जाईल अशा बेतानं, "सुटलो" म्हटलं. दुपारी सासूबाई चपला घालायला गेल्या आणि चपलेजवळ चहाच्या रंगाची काहीतरी वस्तू फरशीवरून घाईघाईनं चाललेली त्यांना दिसली. तीच होती. कोषात जायची वेळ आली की ही अळी पोट रिकामं करते, हिरवा रंग टाकून तपकिरी होते आणि झाडावरून उतरून चालू लागते. आयुष्यभर एका झाडाची पानं सोडून कुठं न गेलेली ती बाई अचानक पायी निघते. बहुतेकांना ही अळी पहिल्यांदा दिसते ती याच वेळी, जिन्यात, पोर्चमध्ये, गाडीच्या चाकाजवळ, आणि मग तिची बहुधा धडगत नसते. तिला हवा असतो थोडा पालापाचोळा आणि कोपरा.

मी तिला एका मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवलं, वर वाळकी पानं पसरली आणि पिठाची चाळण पालथी घातली. रात्रीतून तिनं पानं रेशमाच्या दोऱ्यांनी सैलसर गुंफली. चार दिवसांनी पान हळूच उचललं, तर आत कोष. सुपारीचा रंग, बोटभर लांबी, पाठीवरून एक काळी रेघ आणि कुशीवर श्वासाच्या छिद्रांचे काळे ठिपके. बोट लागताच त्यानं कंबर हलवली. आपण मेलेलं समजून हातात घ्यावं आणि त्यानं कुशीवर वळावं, असलं ते वळवळणं. मी पान जसंच्या तसं ठेवलं.

इथून पुढचे दोन आठवडे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. बाहेरून तरी. आत अळीचा बराचसा भाग मोडून पतंग बांधला जात होता. जबडे काढून तिथं सोंड बसत होती, आणि पंख कुठूनतरी. बाहेर घरात चाळणीवरून भांडण चाललं होतं. सोमवारचे उपास, शनिवारचे उपास, वरईचं पीठ, राजगिऱ्याचं पीठ, आणि चाळण कुंडीवर. मी नवी आणते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नको. जुन्या चाळणीची भोकं बारीक असतात." हे शास्त्र मला माहीत नव्हतं. त्या श्रावणात आम्ही सगळी पिठं न चाळताच खाल्ली.

गोकुळाष्टमी आली. कृष्ण हे नाव त्यांनीच ठेवलेलं, त्यामुळे जन्म बरोबर रात्री बारा वाजता होणार याबद्दल सासूबाईंच्या मनात शंका नव्हती. देवघरात पाळणा बांधला, सुंठवडा केला, आणि मी इकडून तिकडून समजावत असतानाही एक चमचा सुंठवडा कुंडीशेजारी ठेवला. बारा वाजता आरती झाली. मग आम्ही तिघंही, ह्यांच्यासकट, टॉर्च घेऊन ओसरीवर. चाळण उचलली. कोषानं कंबरही हलवली नाही. साडेबारापर्यंत थांबलो. "तुरुंगात असेल तर पहारेकऱ्यांची झोप लागायला हवी," असं म्हणून ह्यांनी आम्हांला आत नेलं.

दुसरा दिवस दहीकाल्याचा. संध्याकाळी चौकात हंडी, स्पीकरच्या भिंती, आणि आमच्या खिडक्यांची तावदानं ठेक्यावर नाचतायत. त्या गदारोळात कधीतरी तो बाहेर आला. मी आठ वाजता चाळण उचलली, तेव्हा कोष रिकामा, कागदासारखा हलका, आणि कुंडीच्या कडेला चाळणीच्या आतल्या बाजूला पाय रोवून तो लटकलेला. पंख अजून चुरगळलेले, ओल्या रुमालासारखे. शरीरातला द्रव शिरांत दाबून तो पंख फुलवत होता. अर्धा-पाऊण तास आम्ही खुर्च्या टाकून बसून राहिलो. हंडी कुणी फोडली हे आजतागायत आम्हांला माहीत नाही.

पंख उघडले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हा तर अपशिंग्याचा."

मिलिटरी अपशिंगे हे आमच्या जिल्ह्यातलं गाव, घरोघरी सैनिक असलेलं. उपमा अगदी अचूक. शेवाळी, मेंदी, पोपटी, गडद हिरवा, सगळ्यांचे नागमोडी पट्टे, मधून पांढरट-गुलाबी रेघा, थेट लष्करी गणवेश. इंग्रजीतही त्याला आर्मी ग्रीन मॉथ म्हणतात हे मी नंतर सांगितलं, तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पंखांचा पसारा चांगला चार बोटं रुंद. पुस्तकात नऊ ते अकरा सेंटीमीटर म्हणतात. मानेशी फिकट कॉलर. पंखांच्या मुळाशी पांढऱ्या ठिपक्यात हिरवं टिंब, म्हणजे खोट्या डोळ्यांची हौस अजून फिटलेली नव्हती. धड जाड, मागं निमुळतं, जेट विमानासारखं.

फोटो इंग्लंडातल्या भाचीला पाठवला. हे पतंग उन्हाळ्यात दक्षिणेकडून समुद्र ओलांडून युरोपात चढतात आणि क्वचित एखादा भरकटत ब्रिटनपर्यंत पोचतो. तिनं लगेच कळवलं, "मावशी, इथं हा दिसला तर बातमी होते!" आमच्याकडे लेंड्या होतात, मी उत्तर दिलं.

नऊच्या सुमाराला तो थरथरायला लागला. मला वाटलं, आजारी पडला. पण हॉकमॉथ उडण्याआधी असाच पंख कापवून छातीतले स्नायू गरम करतो. जाडजूड देह जागच्या जागी हवेत तोलून धरायचा म्हणजे इंजिन चाळीस अंशांच्या आसपास तापलेलं लागतं. थंडीत ह्यांची जुनी स्कूटर जे करते तेच, फक्त हा पहिल्या किकला सुरू झाला. चाळण काढली. तो उडाला.

ओसरीवर ट्यूबलाइट होती. सासूबाई घाबरून ओरडल्या, "अगं, दिवा घालव! जळेल तो!" आमच्या सगळ्या कवींनी, संतांनी, शाहिरांनी जे शिकवलं ते त्यांच्या तोंडून आलं. मी बटणाकडे धावले, पण पतंगानं ट्यूबकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिच्याखालून सरळ गेला, फाटकावरच्या अंधाऱ्या मधुमालतीपाशी.

2024 साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातल्या संशोधकांचा एक अभ्यास आलाय. त्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं दिव्याभोवतीचं उडणं टिपलं. त्यांचं म्हणणं असं, की पतंग दिव्यावर प्रेमबिम करत नाही. रात्री आकाश जमिनीहून उजळ असतं, त्यामुळे उजेडाकडे पाठ ठेवायची एवढंच त्याला ठाऊक. मध्येच दिवा आला की तो त्याच्याकडे पाठ करतो, तोल जातो, आणि घिरट्यांत अडकतो. म्हणजे शेकडो वर्षांचं ते जळून मरणारं प्रेम हा पाठ फिरवण्यातला घोटाळा होता. आणि त्या प्रयोगांत ज्या थोड्या जातींनी दिव्याची पत्रासच ठेवली नाही, त्यांत एक नाव होतं डॅफ्निस निरीचं. तो तसा अगदी निर्व्यसनी नाही, एखादवेळी दिव्याखालीही सापडतो. पण आमचा कृष्ण नव्हता सापडला.

मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, सकाळी गुलाबी होतात, मग लाल. पांढरी असतात ती अशाच पाहुण्यांसाठी. लांब नळीच्या तळाशी मध ठेवलेला, आणि तिथं पोचायला लांब सोंड हवी. याच घराण्यातल्या एका पतंगावर संशोधकांनी प्रयोग केला होता, तो नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखतो. आम्ही टॉर्च बंद करून उभे राहिलो. काही दिसलं नाही. वेलीवर भिरभिर असा आवाज मात्र आला, एका फुलापासून दुसऱ्याकडे, मध्येच थांबत. मग तोही थांबला.

सासूबाईंनी सुंठवड्याचा चमचा उचलला, त्यातला थोडा मला दिला, थोडा ह्यांना. चाळण उचलून विसळायला नेली.

---

गणपती बसले. पत्री आणायला मी कण्हेरीसाठी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि एकूण एक पान मागून पुढून बघून तोडलं, म्हणून पूजेला उशीर झाला. हे म्हणाले, "पूर्वी गुरुजींची वाट बघायचो, आता तुझी."

गौरी यायच्या दिवशी सकाळीच सासूबाईंनी ओसरी सारवल्यासारखी पुसली आणि फाटकापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढायला बसल्या. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून त्या पाटावर बसतात आणि पाट मागं मागं सरकवतात. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले, तर पावलं फाटकातून सरळ आलेली, पायरीजवळ मात्र एकदम डावीकडे वळलेली, तगरीला अर्धा वळसा घालून पुन्हा वाटेवर. झाडाखालचा हातभर फरशीचा तुकडा त्यांनी पुसलाही नव्हता.

"आई, गौरी अशा वाकड्या का चालल्या?"

"मोहरी सांडलीय तिथं," त्या म्हणाल्या. "पाय देऊ नकोस."